एका चपराकीचा हंगाम

भाद्रपदातल्या महालक्ष्म्या उठल्या की माझं डोकं फिरतं. घरचे सांगतील तुम्हाला. पाऊस ओसरायला लागलेला असतो, ऊन पाठ भाजायला लागतं आणि फुलंब्रीकडं जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना कंबरेएवढं गवत उभं राहतं. लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. "काय हिरवंगार झालंय हो!" म्हणतात. मी काच वर करते. त्या गवतात टाचणीच्या टोकाहून बारीक, लालसर किडा बसलेला असतो. तो चावलेला कळत नाही, चावल्या जागी दुखत नाही. आठ-दहा दिवसांनी ताप येतो. स्क्रब टायफस म्हणतात त्याला. वेळेवर ओळखला तर एका साध्या कॅप्सूलनं दोन-तीन दिवसांत उतरतो. नाही ओळखला तर चांगलं चालतंबोलतं माणूस घेऊन जातो.

मी तापाची डॉक्टर. पाटीवर 'संसर्गजन्य रोगतज्ज्ञ' असं लांबलचक लिहिलंय, पण ते वाचून कुणाच्या डोक्यात काही उजेड पडत नाही. लग्न झालं तेव्हा सासूबाईंनी विचारलं होतं, "कशाची गं तू डॉक्टर? हृदयाची का हाडाची?" म्हटलं, "तापाची." त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. "तापाला कुठं डॉक्टर लागतो? तापाला गोळी लागते." नंतर फोनवर बहिणीला सांगत होत्या, "अगं, अजून शिकतीये बहुतेक."

तर हे गवताचे दिवस आले की मी सूडाला पेटते. आमच्या कॉलनीमागच्या मोकळ्या प्लॉटवरचं गवत दरवर्षी माणूस लावून मुळापासून काढते. प्लॉट माझ्या बापाचा नाही, तरी काढते. दवाखान्याच्या आवारात हिरवळ लावायचा विषय निघाला तेव्हा मीटिंगमध्ये मी असा काही आवाज चढवला की तिथं फरशी बसली. बसू दे. ज्युनिअर डॉक्टर पाठीमागं मला काय म्हणतात तेही मला माहीत आहे. कपडे उतरवणारी मॅडम. कारण ताप घेऊन आलेल्या प्रत्येकाला मी पडद्याआड नेते आणि डोक्याच्या केसांपासून पायाच्या बेचक्यांपर्यंत इंच न् इंच बघते. तो किडा चावला की तिथं एक काळी खपली धरते, विडीचा चटका बसावा तेवढी. ती हमखास लपून बसते. काखेत, जांघेत, स्तनाखाली, कानामागं. ती सापडली की मला जो आनंद होतो त्याला डॉक्टरी आनंद म्हणता येणार नाही. चोर सापडल्यावर गावाला जसा होतो तसा तो असतो. मी मोठ्यानं "हा बघा हरामखोर!" म्हणते आणि पेशंट घाबरतो.

किड्यावर राग काढायला काही लागत नाही. त्याला घर नाही, तोंड नाही, अब्रू नाही. पण याच गवताच्या दिवसांत, पंधरा-सोळा वर्षांपूर्वी, मी एका माणसावर सूड उगवला होता. तो माणूस अजून जिवंत आहे, पडेगावला राहतो. आणि या वर्षी त्याच्या दारात पुन्हा एकदा अब्रूचे धिंडवडे निघायची वेळ आली, ती माझ्यामुळं. म्हणून लिहायला बसले. तोंडानं एकदा सांगून झालंय. आता कागदावरही राहू दे.

तेव्हा शहराच्या पाट्यांवर औरंगाबाद होतं. मी दक्षिणेत शिकून नुकतीच परत आले होते, अंगात भयंकर वारं भरलेलं. फुलंब्रीजवळच्या गावातली शेतकऱ्याची पोर, तापाची एवढी मोठी डिग्री घेऊन आलेली. ज्या खासगी दवाखान्यात लागले तिथं मोठे सर होते. सगळे त्यांना मोठे सरच म्हणायचे, मीही तेच म्हणते. पन्नाशी उलटलेली, शर्ट कडक इस्त्रीचा, हात कमालीचा हुशार. नाडी धरून आजार सांगायचे आणि दहापैकी नऊ वेळा बरोबर यायचा. तोंड मात्र वाईट. पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले, "या बाईंची ओळख करून घ्या. यांच्याकडं एकही अवयव नाही." सगळे हसले. मीही हसले, आणि त्याच दिवशी मनात नोंद करून ठेवली.

त्या वर्षी गवत फार माजलं होतं. दर दोन दिवसांनी एक तापाचा पेशंट यायचा आणि येताना निदान घेऊनच यायचा. "टायफाईड निघालाय", नाहीतर "पेशी कमी झाल्यात". पेशी म्हणजे प्लेटलेट. गावागावात पेशींचे आकडे लोकांना तोंडपाठ. पपईच्या पानांचा रस पाजलेला, तीन-तीन सलाईन झालेली, पैपाहुणे भेटून गेलेले. सरांना मी दोनदा बोलले की यातला काही ताप स्क्रब टायफस असणार. सर म्हणाले, "बाई, तो डोंगरातला आजार. आपल्याकडं गवतात फार तर विंचू असतो."

मग गिरजाबाई आली. वय बेचाळीस. तिचा नवरा दगडूमामा, धनगर. मेंढरं घेऊन ही मंडळी पावसानंतर बांधाबांधानं फिरायची, जिथं दिवस मावळेल तिथं गवतातच अंथरूण टाकायची. सात दिवसांचा ताप, डोळे लाल, बोलताना धाप. दगडूमामाची मान वर होत नव्हती, एकच वाक्य बोलत होता, "बाई, हिला कायबी होऊ देऊ नका. मला मेंढरांचं सांगता येतं, हिच्यावाचून माझं मला सांगता येत नाय."

पडदा ओढला आणि तपासायला लागले. गिरजाबाई त्या तापातही हसली. "आवं बाई, ताप डोस्क्यात हाय, आन् तुमी लुगडं कामून सोडायलात?" मी म्हटलं, "तुमच्या डोस्क्यातला ताप कुठून शिरला ते बघायलेय." हातांवर हिरवं गोंदण. टाचांना भेगा आणि भेगांवर बिब्ब्याचे काळे डाग. पाठ, पोट, मांड्या स्वच्छ. डाव्या काखेत गाठ आलेली, त्या गाठीपाशी बिब्ब्याचा डाग. जांघा स्वच्छ. कानामागं काही नाही. साडी नीट करून दिली, हात धुतले.

बिब्बा म्हणजे काय हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवं. एक काळं फळ असतं, तापवलं की तेल सुटतं. काटा मोडला, टाच फुटली, गाठ आली की आमच्याकडं त्या तेलाचा चटका देतात. कातडं काळं पडतं, खपली धरते. माझ्या स्वतःच्या घोट्यावर आहे एक, आजीनं दिलेला. माझ्या गावात निम्म्या माणसांच्या अंगावर असतात.

बाहेर येऊन सरांना म्हटलं, "सर, मला स्क्रबची शंका आहे. कॅप्सूल सुरू करू." पेशंट त्यांच्या नावावर होती, त्यांच्या सहीशिवाय माझा हात बांधलेला. त्यांनी कागद बघितले. "किडनी बसत चाललीय, लिव्हर बसत चाललंय. आधीच सात औषधं चालू आहेत, तुमच्या शंकेखातर आठवं देऊ? काळी खपली दाखवा. तुमच्याच पुस्तकात लिहिलेली असते ना? दाखवा, मी माझ्या हातानं कॅप्सूल देतो."

मी म्हणाले, "खपली नाही सर. बिब्ब्याचे डाग आहेत फक्त."

"मग झालं तर," सर म्हणाले आणि पुढच्या खाटेकडं गेले.

रक्त पुण्याला पाठवलं. तिसऱ्या दिवशी गिरजाबाईला श्वास पुरेना, मशीनवर घेतली. पाचव्या दिवशी सकाळी ती गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्याचा रिपोर्ट आला. स्क्रब टायफस. माझं निदान अक्षरशः खरं ठरलं होतं. तो कागद हातात धरून मी जिन्यात उभी होते आणि अंगाची लाही लाही होत होती. एका फालतू कॅप्सूलनं जगली असती बाई. आणि त्या गर्विष्ठ माणसानं मला देऊ दिली नाही. माझ्याकडं एकही अवयव नाही म्हणून.

दगडूमामा कागदपत्रं न्यायला आला होता, त्याच जिन्याखाली बसलेला. मी खाली गेले आणि त्याच्याजवळ बसून सगळं सांगितलं. हळू आवाजात, शांतपणे, एकेक शब्द तोलून. "मामा, आजार मी ओळखला होता. औषध होतं. मोठ्या सरांनी देऊ दिलं नाही." तो टॉवेल झटकून उठला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला तो भाऊबंद घेऊन आला. ओपीडी गच्च भरलेली. सर गाडीतून उतरून पोर्चमध्ये आले तसा दगडूमामा पुढं झाला आणि त्यानं सरांच्या कानाखाली अशी वाजवली की रांगेतली लेकरं रडायला लागली. "मह्या बायकूला औषद दिलं नाय ह्यानं! इचारा ह्याला!" सर खांबाला धरून उभे राहिले. त्यांनी हात उचलला नाही, पोलिसांत तक्रार केली नाही. फक्त सगळ्यांकडं बघत होते, आणि बघता बघता त्यांची नजर माझ्यावर आली. मी वरच्या कठड्याला टेकून उभी होते.

खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. त्या दिवशी मी डब्यातली पोळी चवीनं खाल्ली. महिन्याभरात सरांनी दवाखाना सोडला, प्रॅक्टिसच सोडली. शहरात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, धनगरानं डॉक्टरला मारलं आणि डॉक्टरचंच चुकलं होतं. पुढं त्यांची केबिन मला मिळाली. खिडकीतून तो पोर्च दिसतो.

पुढच्या वर्षी याच दिवसांत दगडूमामा आला, काखोटीला नवी कोरी घोंगडी. "तिच्या वर्सश्राद्धाला इणली. तुमीच एक व्हत्या बाई, जिनं खरं सांगितलं." चहा मागवला. बोलता बोलता, काही कारण नसताना, मी विचारलं, "मामा, तिच्या काखेतल्या गाठीला बिब्बा कुणी लावला होता?"

"बिब्बा? काखंत?" तो हसला. "नाय बा. टाचंला मीच लावला व्हता, भेगा पडल्या व्हत्या म्हणून. काखंत कोन लावतं बिब्बा? ते काय टाचंचं कातडं हाय का, सोलून निघंल की."

कपात चहा तसाच राहिला माझा. त्याला मी काय उत्तर दिलं तेही आठवत नाही.

मी तो डाग बघितला होता. बोटानं चाचपला होता. परमुलखातला कुणी पोरगा माझ्या जागी असता तर त्यानं विचारलं असतं, हे काळं काय आहे? मला विचारायची गरजच वाटली नाही. मी ह्या मातीतली ना. मला बिब्बा ठाऊक, माझ्या घोट्यावर बिब्बा, माझ्या माणसांचं सगळं मला न विचारता कळतं. सरांनी एकच गोष्ट मागितली होती, आणि ती माझ्या बोटाखाली असताना मी त्यांना नाही म्हणाले.

त्यानंतर मी काय केलं? काही नाही. हेच तर सांगतेय. दगडूमामा जिना उतरून गेला आणि मी पुढचा पेशंट आत घेतला. स्वतःला समजावलं, सर तरी कुठं बघायला गेले तिचा हात उचलून? त्यांच्या जिभेची शिक्षा त्यांना मिळाली. दुसऱ्या रात्री समजावलं, आता सांगून गिरजाबाई परत येणार आहे का? अशी समजूत घालायला मी तरबेज झाले. आणि किड्यावरचा सूड वाढवत नेला. लासूर स्टेशनपासून फुलंब्रीपर्यंत जिथं जिथं सरकारी डॉक्टरांना शिकवायला गेले तिथं बिब्ब्याच्या डागांचे फोटो आणि काळ्या खपलीचे फोटो शेजारी शेजारी लावून दाखवले. ओळखा म्हटलं. चुकला त्याला फाडून खाल्लं. टाळ्या पडायच्या. मॅडमना गावाकडचं किती बारीक माहीत आहे, असं लोक म्हणायचे.

दगडूमामा दर वर्षी येत राहिला. कधी तूप, कधी नुसताच राम राम. दर वर्षी तो सरांना एक शिवी हासडायचा आणि दर वर्षी मी ती ऐकून घ्यायचे.

या वर्षी महालक्ष्म्या उठल्यावर चौथ्या दिवशी तो धावत आला. मागं सून, पोराच्या खांद्यावर मान टाकलेली. सहा दिवसांचा ताप. पडद्याआड नेली. कंबरेला मागच्या बाजूला, परकराची नाडी बसते तिथं, काळी खपली. "बिब्बा लावलाय का हितं?" सून मानेनंच नाही म्हणाली. मी तेच पुन्हा नवऱ्याला विचारलं, सासऱ्याला विचारलं, तिघांकडून नाही वदवून घेतलं. दहा मिनिटांत कॅप्सूल तिच्या पोटात होती. तिसऱ्या दिवशी ताप गेला आणि पोरीनं भाकरी मागितली.

मला वाटलं, चला, फिटलं काहीतरी. तेवढ्यात दगडूमामा केबिनमध्ये आला. डोळे भरलेले, आणि त्याच डोळ्यांत जाळ. म्हणाला, "बाई, त्यो डाक्टर पडेगावला ऱ्हातो म्हणं. पत्ता काढलाय म्या. आत्ता जातो, सुनंला घेऊन. दारात उभी करतो आन् म्हणतो, बघ रं, ही जिती हाय. तुह्या हाती लागली असती तर हीबी गेली असती. अजून एक वाजवायची ऱ्हायलीय माझी. गल्लीदेखत वाजवतो."

"मामा, बसा."

"बसायला टाईम नाय."

"बसा म्हणते ना!"

तो बसला. मी खुर्चीतून उठले, कारण ते बसून सांगता येण्यासारखं नव्हतं. सगळं सांगितलं. काख, गाठ, डाग, सरांनी काय मागितलं आणि मी काय उत्तर दिलं. शेवटी म्हटलं, "त्यांनी कॅप्सूल अडवली ती माझ्या शब्दावर, मामा. ती चपराक माझी होती. आणि हे मला चौदा-पंधरा वर्षांपासून ठाऊक आहे. तुम्ही ती घोंगडी घेऊन आलात ना, त्या दिवसापासून."

तो शिव्या देईल असं वाटलं होतं. मारेल असंही वाटलं होतं, आणि त्यानं मारलं असतं तर मी हलले नसते. त्यानं आपल्या उजव्या हाताचा पंजा उघडून बघितला. मग म्हणाला, "म्या त्येला समद्यांम्होरं मारला, बाई. म्हाताऱ्या माणसाला. तुमच्या सांगन्यावर."

"व्हय."

"आन् दर साली तुमी मह्या हातचं तूप खाल्लं."



तो उठला. सुनेला, पोराला बाहेर बसवून आला. मला बाई म्हणाला नाही. "गाडी काढा," एवढंच. ओपीडीत वीस माणसं बसलेली होती. मी किल्ली घेतली.

दौलताबाद रस्त्याला सीताफळाच्या पाट्या लागल्या होत्या. दगडूमामा मागच्या सीटवर, खिडकीला चिकटून.  पडेगावात एका शेवटच्या गल्लीत, लोखंडी फाटकामागं सरांचं लहानसं घर. ते स्वतःच दार उघडायला आले. फार वाळलेत, काठी लागते. त्यांनी आधी मला ओळखलं, मग माझ्यामागं उभ्या असलेल्या दगडूमामाला ओळखलं, आणि एक पाऊल मागं सरले.

दगडूमामा पुढं होऊन आडवा पडला त्यांच्या पायावर. "मही चूक झाली साहेब. मला खोटं सांगितलं गेलं व्हतं."

सरांना काही कळेना. मी कसंबसं बोलले, "सर, गिरजाबाई. काखेतला तो डाग बिब्ब्याचा नव्हता. खपली होती. मी पाहिली होती."

सर काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. त्यांचा चेहरा बदलला तो इतका हळू की मला प्रत्येक रेघ दिसली. दगडूमामाचा दंड धरून त्यांनी त्याला उठवलं, आत नेऊन खुर्चीत बसवलं, तांब्याभांडं त्याच्यासमोर ठेवलं. समोरच्या खुर्चीत स्वतः बसले. तिसरी खुर्ची भिंतीला लावलेली होती. मी तिकडं वळले.

"तुम्ही उभ्या राहा," सर म्हणाले. "केस सांगा. पेशंटचं नाव, वय, गाव. पहिल्यापासून. यांना समजेल अशा मराठीत. आणि काही गाळू नका."

मी सांगायला लागले. नाव सांगितलं, वय सांगितलं, ती हसून काय म्हणाली होती तेही सांगितलं. काखेपर्यंत आले आणि घसा असा कोरडा पडला की शब्द फुटेना. दोघंही माझ्याकडं बघत थांबले. समोर तांब्या होता, पण मला कुणी पाणी विचारलं नाही.